मागून सायकल आली तर कुणीकडे सरकायचं? बडोद्यात पायी चालणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी दांडिया बाजारातून निघतो आणि रावपुरा, कोठी, काळाघोडा करत कमाटीबागेत पोचतो. सगळे साठीच्या पुढचे. त्यातल्या चौघांचं सायकलवाल्यांशी वाकडं आहे. बागेतल्या बाकावर टेकलं की तेच प्रश्न निघतात, आणि मी एकतीस वर्षं सायकलवर मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला गेलेलो, म्हणून जबाब द्यायची पाळी माझ्यावर येते. सायकलवाल्यांचा वकील म्हणतात मला. घसा बसला बोलून. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

सायकलवाल्याला फुटपाथवर चढायचा हक्क आहे का?

नाही.

थोडं सविस्तर सांगतो, कारण यात गंमत आहे. बडोदे संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यामुळे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आपल्यालाही लागू झाला. पुढे १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं, पण कायदा इथेच राहिला. आता त्याला गुजरात पोलीस कायदा म्हणतात. त्यात फुटपाथबद्दल एक छोटं कलम आहे. फुटपाथवर कुणी जनावर किंवा वाहन हाकू नये, चालवू नये, लादू नये, ढकलू नये, सोडून जाऊ नये. अपवाद एकच, बाबागाडीचा. आणि याच कायद्यात वाहनाची व्याख्या करताना सायकलीचं नाव स्पष्ट घातलेलं आहे, म्हणजे ‘सायकल कुठे वाहन आहे’ ही पळवाटही बंद.

‘ढकलू नये’ हे शब्दशः घेतलं तर सायकलवरून उतरून ती हाताने धरून फुटपाथवर नेणंही चूक ठरतं. इतकं ताणायला मी तयार नाही. उतरून चालणारा माणूस माझ्या लेखी पादचारीच.

‘सोडून जाऊ नये’ हे मात्र मी बाकावर मोठ्याने वाचून दाखवलं. दोघे लगेच बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकले. त्यांच्या स्कूटर रोज फुटपाथवरच उभ्या असतात.

मग पोलीस पकडत का नाहीत?

कशाला धरून पकडणार? चौकातला कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि दंडाचा मेमो घरी पाठवतो. सायकलीला नंबर नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. राहिला चौकात पोलिसांच्या मदतीला उभा असलेला ट्रॅफिक ब्रिगेडचा पोरगा. तो बिचारा चारी बाजूंच्या रिक्षा आवरता आवरता दमलेला असतो. सायकलवाल्याला थांबवून त्याच्याकडून काय मिळणार, हेही त्याला ठाऊक असतं.

मागून आवाज न करता सायकल आली तर काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते खरी तक्रारही हीच. सायकल चालली म्हणून कुणी चिडत नाही, ती मुकाट्याने येते म्हणून चिडतात. स्कूटर कितीही वाईट असली तरी येण्याआधी कळते. सायकल कानाला लागतच नाही. एकदम कोपराजवळून वारा जातो आणि काळजात धस्स होतं.

हिशोब करून बघा. आपण तासाला चार-साडेचार किलोमीटरने चालतो. सायकलवाला काही न शिकता, न दमता, पंधराने येतो. पंधरा म्हणजे सेकंदाला चार मीटर. तुम्ही त्याला बघितलं, दचकलात आणि एक पाऊल बाजूला टाकलंत, एवढ्यात तो दोन सायकलींच्या लांबीहून जास्त पुढे आलेला असतो. ब्रेक चांगले असले तरी त्याला थांबायला सहा-सात मीटर लागतात, त्यातले चार तर नुसते हात ब्रेकवर जाईपर्यंतच.

म्हणून पहिला नियम: उडी मारायची नाही. मागे चाहूल लागली की आपली माणसं आधी डावीकडे सरकतात, मग विचार बदलून उजवीकडे. सायकलवाल्याने तुमच्या पहिल्या हालचालीवरून आपली वाट ठरवलेली असते. दुसऱ्या हालचालीला टक्कर होते. त्यापेक्षा ज्या रेषेत चालला आहात त्याच रेषेत चालत राहा. तोच वळसा घालेल. त्यालाही पडायचं नसतं, आणि सायकलवरून पडणं हे चालता चालता पडण्यापेक्षा जास्त लागतं, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

दुसरं, तिघं-तिघं एका ओळीत हात पसरून गप्पा मारत चालू नका. हे मी आमच्याच मंडळींना सांगतोय.

तिसरं, दोन्ही कानांत बोंडं खुपसून हरिपाठ ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा. माउली रागावणार नाहीत.

पण घंटी का वाजवत नाहीत?

कारण घंटी नसतेच. जुन्या काळ्या सायकलीला घंटी, मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर हे सगळं असायचं. आताच्या गियरवाल्या सायकली दुकानातून अर्ध्या उघड्याच बाहेर पडतात. मडगार्ड वेगळा, स्टँड वेगळा, घंटी वेगळी. हजारो रुपयांची सायकल घेणारा माणूस शे-दीडशेच्या घंटीशी घासाघीस करतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. हँडल हलकं राहतं म्हणे.

ज्यांच्याकडे आहे त्यांनाही ती वाजवायला संकोच वाटतो, कारण घंटी ऐकून माणसं वळून डोळे वटारतात. म्हणजे वाजवली तर उद्धट, नाही वाजवली तर चोर. यावर तोडगा म्हणजे दहा-बारा मीटर आधी एकदा हळू वाजवायची आणि मग वेग कमी करायचा. पाठीवर येऊन ट्रिंग ट्रिंग करणं म्हणजे दार उघडून आत शिरल्यावर कडी वाजवण्यासारखं आहे.

घंटी नसेल तर तोंड आहे. जुने बडोदेकर लांबूनच ‘खसजो भाई!’ म्हणून हाक मारत यायचे. गुजरातीत ती हाक इतकी गोड वाटते की सरकायला कमीपणा वाटत नाही. मराठीत आम्ही ‘बाजूला!’ म्हणतो आणि मग भांडण होतं.

उलट्या बाजूने येणाऱ्या सायकलींचं काय? त्यांना डावं-उजवं कळत नाही का?

कळतं. पण दुभाजक लांबच लांब झाले आणि त्यांतली मोकळी जागा अर्धा-पाऊण किलोमीटरवर गेली. समोरच्या फुटपाथलगतच्या दुकानात पाव टाकायचे आहेत, तर मोटारीला तो फेरा दोन मिनिटांचा, आणि कॅरिअरवर चाळीस किलो माल लादलेल्या माणसाला तो घामाचा. तो फेरा टाळतो आणि कडेकडेने उलटा येतो.

कारण समजलं म्हणून चूक बरोबर ठरत नाही. उलट्या बाजूने येण्यातला खरा धोका समोरासमोरच्या धडकेचा नसून गल्लीच्या तोंडाशी असतो. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळणारा गाडीवाला फक्त उजवीकडे बघतो, कारण रहदारी तिकडूनच यायला हवी. रस्ता मोकळा दिसला की तो गाडी काढतो. उलटा येणारा सायकलवाला त्याच क्षणी डावीकडून पोचलेला असतो. गाडीवाल्याची चूक नाही आणि सायकलवाला आडवा. आपण पादचारीही रस्ता ओलांडताना तिकडे बघत नाही. तेव्हा एक सवय लावून घ्या: एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे मान फिरवायची.

सायकलीला लायसन्स, नंबर, विमा का नाही? सगळ्यांना असतो, मग यांनाच सूट का?

१९८८ चा मोटार वाहन कायदा मोटारीसाठी आहे. इंजिन किंवा मोटर नाही, म्हणून सायकल त्याच्या बाहेर. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीही एका मर्यादेपर्यंत बाहेरच राहतात: मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. त्याच्या वर गेलं की ती सायकल राहत नाही, तिला नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं. पायडल नावाला लावून नुसत्या मुठीवर चाळीसने पळणाऱ्या ज्या गाड्या फुटपाथवर दिसतात, त्या सायकल आहेत असं समजून सोडून देऊ नका.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी पुष्कळ गावांत नगरपालिका सायकलीवर वर्षाचा कर घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची. बिल्ला नाही, दिवा नाही, डबलसीट बसलेत, अशा कारणांवरून हवालदार चाकाची हवा सोडायचा. त्या काळात शिस्त होती असं आमचे एक मित्र म्हणतात. मला आठवतं ते एवढंच की हवालदार दिसला की आम्ही दुसऱ्या गल्लीत वळायचो.

आज पुन्हा बिल्ला आणला तर कोण सापडेल? पहाटे चारला पेपर टाकणारा, एटीएमबाहेर रात्रपाळी करून घरी निघालेला वॉचमन, धार लावणारा, जीआयडीसीतला हेल्पर. ज्याच्यामुळे तुम्ही चिडलात तो कॉलेजचा पोरगा बिल्ला खिशातून काढून दाखवेल आणि पुन्हा फुटपाथवरच चढेल. मी बिल्ल्याच्या विरोधात आहे. चौघे माझ्याशी सहमत नाहीत, ते त्यांनी लिहावं.

सायकलीचा धक्का लागून पडलो तर पुढे काय?

आधी उठायची घाई करू नका. आपल्या वयात मनगट आणि खुबा यांचा भरवसा नाही. लाजेपोटी माणसं उठून ‘काही नाही, काही नाही’ म्हणतात, घरी जातात आणि संध्याकाळी पाय टेकवत नाही. पाय टाकताना जांघेत कळ आली किंवा डोक्याला मार लागला असेल तर १०८ ला फोन करायचा. पोलीस हवे असतील तर ११२. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती रुग्णवाहिकेतच सांगायची, विचारायची वाट बघायची नाही.

आता कायद्याचं. सायकल मोटार वाहन नसल्यामुळे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही, वाहन विम्याचे पैसे मिळत नाहीत, ‘धडक मारून पळाला’ या योजनेची भरपाईही मोटारींच्याच अपघाताला आहे. नुकसानभरपाई हवीच असेल तर दिवाणी दावा, म्हणजे नातवाच्या लग्नापर्यंत तारखा. फौजदारी बाजू मात्र उघडी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे आणि त्यात ‘मोटार’ हा शब्द नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इजा झाली असेल तर कलम १२५ लागू शकतं. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे, त्याआधी हेच भारतीय दंड विधानाच्या कलम २७९ मध्ये होतं.

गुन्हा नोंदवावा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी रावपुऱ्यात एका पोराच्या हँडलचं टोक माझ्या कोपराला लागलं आणि मी भिंतीला टेकलो. त्याच्या कॅरिअरवर पेपरचा गठ्ठा होता. पळाला नाही. सायकल आडवी टाकून धावत आला, ‘दादा, वाग्युं?’ म्हणून विचारलं, समोरच्या टपरीवरून पाणी आणलं. मी त्याला विचारलं, अरे रस्ता सोडून इथे वर कशाला आलास? त्याने हाताने दाखवलं. रस्त्याच्या डाव्या कडेला मोटारींची रांग लागलेली, मग तिच्या बाहेरून जायचं तर मागून बस. फुटपाथ त्याला त्यातल्या त्यात बरा वाटला. कोपर पंधरा दिवस काळंनिळं होतं. तक्रार केली नाही. घरी ‘खांबाला आपटलं’ असं सांगितलं, ते आता या पानावरून कळणार.

म्हणजे तुम्ही त्यांचीच बाजू घेता!

कोपर माझं होतं.

सायकलवाल्यांसाठी वेगळा रस्ता का नाही करत?

करायला हवा, आणि हे आजचं नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९६२ मध्येच सायकल ट्रॅकचं मानक काढलं. ज्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी तासाला दोनशेहून जास्त मोटारगाड्या जातात, तिथे तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो, असं त्यात म्हटलं आहे. रुंदी किमान दोन मीटर. तासाला दोनशे गाड्या! आज एवढ्या गाड्या काळाघोड्याला सिग्नलच्या दोन-चार फेऱ्यांत निघून जात असतील. १९६२ चा हिशोब लावला तर निम्म्या शहराला ट्रॅक हवा होता. साठ वर्षांत सायकली कमी झाल्या आणि मानक कपाटात राहिलं.

आता तेवढी जागा काढायची कुठून? चार दरवाजांच्या आतल्या शहरात, मांडवीपासून पाणीगेट किंवा लहेरीपुऱ्याकडे जाताना, ट्रॅक काढायला घरं पाडावी लागतील. तिथे ट्रॅकचं नावच काढू नये. तिथे सगळ्यांचा वेगच इतका कमी असतो की सायकल रस्त्यातच चांगली चालते. पण जुना पादरा रोड, वाघोडिया रोड, गोत्री, मकरपुऱ्याकडे जाणारे रस्ते रुंद आहेत. तिथे कडेची एक पूर्ण पट्टी उभ्या मोटारींना आंदण दिलेली असते. त्या पट्टीत दोन मीटर निघतात. मागणी करायचीच तर ही करा. ‘सायकलवाल्यांना आवरा’ असा अर्ज वॉर्ड कचेरीत दिला तर तो कुठल्या खात्याकडे पाठवायचा हेच तिथल्या माणसाला कळणार नाही.

फुटपाथ तरी कुठे मोकळा आहे?

हा प्रश्न मी स्वतःच घातलाय, कारण बाकावर तो कुणी विचारत नाही.

एकदा घरापासून कोठीपर्यंत मोजत गेलो. लारी (म्हणजे हातगाडी), गल्ला (म्हणजे टपरी), विजेची पेटी, मंडपाचे बांबू, दुकानाच्या पायऱ्या, गाय, स्कूटर, स्कूटर, स्कूटर, उखडलेले पेव्हर ब्लॉक, गटारीवरची हललेली लादी, पुन्हा स्कूटर. सायकली दोन. त्यातली एक पंक्चर होऊन भिंतीला टेकवलेली. मानकाप्रमाणे वस्तीतल्या फुटपाथला १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघतील एवढी. मला छत्री उघडून सलग चालता येईल असे पन्नास पावलांचे तुकडे फार थोडे सापडले.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितलं की वापरता येण्याजोगा फुटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि राज्यांनी पादचाऱ्यांसाठी नियम करावेत. ते ऐकून आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले. दुसऱ्या दिवशी लारी तिथेच होती, आणि आमच्यातल्याच एकाने तिच्यापाशी उभं राहून शेव-उसळ खाल्ली.

सायकलवाल्यावर राग काढणं सोपं, कारण तो हलतो आणि हळू हलतो, त्याला ओरडता येतं. उभ्या स्कूटरला ओरडून काय होणार? आणि ती बहुतेक वेळा शेजाऱ्याची असते, संध्याकाळी आरतीला भेटणार असतो.

सायकल खरंच इतकी धोकादायक आहे का?

धक्क्याचा जोर वजन आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, हे शाळेत शिकलो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, वेग १५. स्कूटर आणि माणूस मिळून १७० किलो, वेग ४५. गुणाकार केला तर स्कूटरचा जोर जवळपास १९ पट निघतो. अकराशे किलोची मोटार त्याच वेगाने आली तर सव्वाशे पटींच्या घरात.

केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारे होते, म्हणजे पाचांत एक. आपल्याला सायकलवाल्याची भीती वाटते कारण तो जवळून जातो. मारतं ते दुसरंच काहीतरी, आणि सायकलवाल्यालाही तेच मारतं.

हे सांगितलं की मंडळी म्हणतात, म्हणून काय आम्ही धक्के खायचे? नाही. पडलेल्या म्हातारीचा खुबा मोडायला ८० किलो भरपूर झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी दोन्ही सांगणार.

सकाळी झुंडीने येणारे हेल्मेटवाले आणि कामावर जाणारे गरीब, दोघांना एकच नियम कसा?

फुटपाथपुरता एकच. रस्त्यावर मी भेद करतो, आणि त्याबद्दल मला शिव्या मिळाल्या आहेत.

कामावर जाणारा एकटा असतो, कडेने जातो, त्याच्या ब्रेकचे रबर झिजलेले असतात आणि दिवा नसतो. त्याला रागवायच्या ऐवजी मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर चिकटवून द्यावा. आमच्या सोसायटीत वॉचमन, दूधवाला आणि पेपरवाला मिळून सात सायकलींना आम्ही तो लावला. चहाच्या पैशांत काम झालं.

रविवारचे स्वार पंधरा-वीस जणांच्या घोळक्यात येतात. त्यांच्याकडे दिवा, हेल्मेट, चमकणारे कपडे सगळं असतं आणि वेग तीसच्या आसपास. माणसं चांगली आहेत, पूर आला की हीच पोरं मदतीला धावतात. पण अकोटा-दांडिया बाजार पुलावर, जिथे त्या सोलर छपरामुळे अर्धं शहर फिरायला येतं, तिथे त्यांनी तीसचा वेग सोडावा. पोटासाठी घाईत असलेल्या माणसाला मी जेवढं माफ करतो, तेवढं घड्याळात सरासरी वेग मोजणाऱ्याला नाही करत.

लहान मूल फुटपाथवर सायकल शिकत असेल तर?

शिकू द्या. मागे आई-बाप धावत असले म्हणजे झालं. कायद्यातल्या बाबागाडीची हद्द मी तेवढी वाढवून घेतो.

मी गाडी चालवतो. सायकलवाला अगदी कडेला न जाता रस्त्यात येतो, मी हॉर्न मारून दमतो. तो मुद्दाम करतो का?

कडेला काय आहे ते एकदा उतरून बघा. वाळू, काचा, गटारीची खचलेली जाळी, पावसाचं पाणी. आणि उभ्या मोटारी, ज्यांचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. म्हणून जाणता सायकलवाला कडेपासून हात-दोन हात सोडूनच चालवतो. हॉर्नने तो दचकतो आणि हँडल हलतं, तेही तुमच्याच बाजूला. मीटरभर अंतर सोडून पुढे निघा. जागा नसेल तर त्याच्या मागे राहा, पुढच्या सिग्नलला दोघे एकत्रच उभे राहणार आहात.

दाराचं एक साधं तंत्र आहे. ड्रायव्हरने आपल्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडायचं. हात आडवा गेला की खांदा वळतो, मान वळते आणि मागचा सायकलवाला आपोआप दिसतो. माझ्या जावयाला हे शिकवायला मला चार महिने लागले.

पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

ओल्या रिमवर रबरी ब्रेक लागतच नाहीत, आधी पाणी पुसलं जातं मग चाक धरलं जातं. सहा-सात मीटरचे बारा-पंधरा समजा. शिवाय रस्त्यावर पाणी तुंबलं की खड्डा दिसत नाही, म्हणून सायकल, स्कूटर, माणूस, कुत्रं सगळेच फुटपाथवर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तर कुठला फुटपाथ आणि कुठला रस्ता. त्या दिवसांत तंटा नको.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत?

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात एखादा सायकलवाला इमारतींच्या कडेने, फुटपाथवरून, मान खाली घालून जाताना दिसला तर त्याला काही बोलू नका. स्कूटरवाले हँडलवर तारेची कमान लावतात. सायकलीला ती क्वचितच दिसते. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी गळे कापल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. गळ्याला जाड मफलर आणि वेग कमी, एवढंच त्याच्या हातात असतं. त्या पंधरा दिवसांत मी स्वतः उतरून त्याला वाट देतो.

फुटपाथवर चढलेल्या सायकलवाल्याला अडवावं का?

अंगावर धावून जाऊ नये, हँडल तर मुळीच धरू नये. पडला तर उलट तुमच्यावरच केस होईल. समोरून येत असेल तर मधोमध उभं राहायचं, शांतपणे, तो थांबेपर्यंत. थांबला की ‘भाई, जरा उतरीने चालो ने’ एवढंच. ‘ने’ विसरायचा नाही, सगळी मखलाशी त्यात आहे. दहातले सात उतरतात. दोघे वळसा घालून जातात. एक जण काहीतरी बोलतो, ते ऐकू आलं नाही असं समजायचं.

तुम्ही स्वतः कधी फुटपाथवर सायकल चढवली नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याला माझी बायको फितूर असावी.

चढवली. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरलं होतं, पहिली पाळी चुकली तर अर्ध्या दिवसाचा पगार जाणार होता, आणि रस्त्यावर गाड्या अडकून पडलेल्या. सायकल उचलून फुटपाथवर घेतली आणि टांग मारली. पन्नास फूट गेलो असेन. समोरून नऊवारीतल्या एक आजी येत होत्या, हातात देवाची परडी आणि मिटलेली छत्री. मी घंटी वाजवली. त्या बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी छत्री आडवी धरली, रेल्वेच्या फाटकासारखी.

‘उतर आधी. मग बोल काय ते.’

उतरलो. बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी छत्री खाली घेतली, माझ्या ओल्या चपलांकडे बघितलं, परडीतलं एक जास्वंद काढून माझ्या हँडलच्या केबलमध्ये खोचलं आणि पुढे गेल्या. कामावर पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो.